ढाब्याची गोष्ट पुरे, 1966 ते 1977 बद्दल बोलू (सुमंत मुळगावकर)

घाटवळण (धागाकर्ता)

परवा सोसायटीच्या ग्रुपवर ती गोष्ट पुन्हा येऊन पडली. दर सहा महिन्यांनी येते तीच. टेल्कोतले (म्हणजे आजच्या टाटा मोटर्समधले) सगळे मोठे साहेब दुपारी एकत्र जेवायला बसायचे, कंपनीचे प्रमुख मुळगावकर मात्र गाडी काढून कुठेतरी निघून जायचे. लोकांना वाटलं, डीलर मंडळी साहेबांना पंचतारांकित हॉटेलात जेवू घालत असणार. एक दिवस कोणीतरी पाठलाग केला, तर साहेब हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांच्या पंगतीत बसलेले आणि गाडीत काय खटकतं ते विचारताहेत. मग शेवटचा दणका: म्हणून सुमो! सुमंतचा सु आणि मुळगावकरांचा मो. (मराठीत हिशोब केला तर 'सुमु' व्हायला हवं होतं. इंग्रजी स्पेलिंगने वाचवलं.)

नाव त्यांच्यावरूनच आलं, यात वाद नाही. गाडी आली 1994 साली, ते जाऊन पाच वर्षं झाल्यावर. ढाब्याचं मात्र मी वीस वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात नोकरी करताना ज्याला त्याला विचारत आलो. प्रत्येकाच्या मामाच्या मित्राने पाहिलेलं असतं.

गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझं दुखणं एवढंच, की जवळजवळ चाळीस वर्षांची कारकीर्द आपण एका थाळीत वाढून मोकळे झालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 1906, मुंबई. इंजिनिअरिंग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात. आधी सिमेंटमध्ये, एसीसीत. युद्धाच्या काळात परदेशातून यंत्रं येईनात, तेव्हा सिमेंटची यंत्रसामग्री इथेच बनवण्याच्या खटाटोपात हा माणूस पुढे होता. मग जे.आर.डी. टाटांनी त्यांना टेल्कोत आणलं. टेल्को म्हणजे तेव्हा जमशेदपूर, आणि माल म्हणजे रेल्वेची वाफेची इंजिनं. ट्रक नंतर आले. 1954 साली डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर पडला. गावाकडे ट्रकला 'मर्सडी' म्हणणारे म्हातारे अजून भेटतात, ते त्यामुळे.

आता खरा मुद्दा. करार संपणार होता 1969 ला. ट्रकच्या नाकावरचा मर्सिडीजचा तारा जाणार आणि त्याजागी टाटांचा 'टी' येणार, हे दिसत होतं. पुण्यात टेल्को आली 1966 साली. आणि पुण्यात बनलेलं पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं 1977 साली.

अकरा वर्षं! या अकरा वर्षांत पुण्यात काय चाललं होतं? ट्रेनिंग आणि मशीन टूल्स. म्हणजे गाडी बनवणारी माणसं आणि गाडी बनवणारी यंत्रं बनवण्याचं काम. आज एखाद्या सीईओने बोर्डासमोर जाऊन सांगावं, की जमीन घेतो, शाळा काढतो, टूल रूम (साचे-अवजारं बनवायचा विभाग) उभी करतो, गाडीचं अकरा वर्षांनी बघू. चहा संपायच्या आत बाहेर काढतील.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा निर्णय हा आहे, सुमोच्या नावाची गोष्ट नव्हे. मंडळी, बोला.

---

पिंपळपान

मस्त धागा. 'सुमु' वाचून ऑफिसात एकटाच हसलो. पुढचा भाग येऊ द्या.

---

लेथमास्तर

घाटवळण, तुम्ही ज्या अकरा वर्षांबद्दल लिहिलंत त्यातली सहा मी आत होतो. 1971 ला अप्रेंटिस म्हणून लागलो. तळेगावहून रेल्वेने यायचो.

पहिले कित्येक आठवडे हातात फक्त कानस. एक लोखंडी ठोकळा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा. सहाही बाजू सपाट, कोपरे काटकोनात. आमचे इन्स्ट्रक्टर काटकोन्या लावून उजेडासमोर धरायचे. फटीतून उजेड दिसला की काही न बोलता ठोकळा परत हातात. ओरडत नसत, तेच जास्त लागायचं. मी घरी येऊन आईला म्हणालो, ट्रकच्या कारखान्यात लागलो असं सांगू नकोस कोणाला, मी अजून ट्रकचं चाकसुद्धा पाहिलेलं नाही. खरंच नव्हतं पाहिलं.

हा ठोकळा कशासाठी, ते पुढे टूल रूममध्ये गेल्यावर कळलं. लोकांना वाटतं पत्र्याचा दरवाजा म्हणजे प्रेसमध्ये पत्रा घातला, धाडकन दाबला, झाला दरवाजा. एका दरवाज्याला चार-पाच डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, लागतात. पहिला ड्रॉ, म्हणजे पत्र्याला मुख्य आकार. मग ट्रिम, कडेचा जादा पत्रा कापायला. मग पिअर्स, भोकं पाडायला. मग फ्लँज, कडा दुमडायला. प्रत्येक डायचे दोन भाग, काही टनांचे. मशीनवर कितीही चांगले कापले तरी ते एकमेकांवर बरोबर बसत नाहीत. मग स्पॉटिंग. एका भागाला निळा रंग अगदी पातळ पुसायचा, दुसरा भाग त्यावर टेकवायचा, उचलायचा. निळा डाग जिथे लागला तिथे उंचवटा. तेवढंच घासायचं. पुन्हा रंग, पुन्हा टेकवणं. आठवडेच्या आठवडे. आणि एवढं करून पत्रा दाबून बाहेर काढला की तो थोडा उसळी मारून मूळ आकाराकडे परत जातो, स्प्रिंग बॅक म्हणतात त्याला. तो किती उसळणार याचा अंदाज घेऊन डायच मुद्दाम वाकडा करायचा. हे पुस्तकात असतं, पण हाताला कळायला वर्षं जातात.

आता सांगा, ही माणसं कुठून आणणार होते? जर्मनीहून डाय मागवायचे तर परकीय चलन कुठे होतं? पुण्यात शिकलेली पोरं होती, पण डायमेकर नव्हते. ते बनवावे लागले. मी त्यातला एक.

साहेबांना दोनदा पाहिलं. फिरत आले, शेजारच्या बेंचवरच्या मुलाचा जॉब उचलून बोटाने कडा चाचपली आणि ठेवला. बोलले काहीच नाहीत. तो मुलगा आठवडाभर कोणाशी नीट बोलला नाही.

---

चिंचवडी_चिकित्सक

लेथमास्तर काका, प्रतिसाद सुंदर. पण धागाकर्त्याला थोडं जमिनीवर आणतो.

'अकरा वर्षं धीर धरला' हे ऐकायला छान वाटतं. पण तो काळ परवान्यांचा होता. किती ट्रक बनवायचे ते सरकार सांगणार, यंत्र आयात करायचं तर सरकारला विचारणार. बाजारात ट्रकसाठी ग्राहक रांगेत उभा, नंबर लागायची वाट बघत. स्पर्धा म्हणजे अशोक लेलँड आणि मोजके दोन-तीन. अशा बाजारात सावकाश जाणं परवडतं. 'आधी शाळा' हा दूरदृष्टीचा निर्णय होता, की दुसरा पर्यायच नव्हता? नाइलाजाला आपण मागाहून दूरदृष्टी म्हणतो, हा आपला जुना छंद.

आणि एक. तुम्ही सगळे मुळगावकर मुळगावकर करताय. जे.आर.डी. पाठीशी नसते तर त्यांना अकरा वर्षं कोणी दिली असती?

---

घाटवळण

चिकित्सक, जे.आर.डीं.चा मुद्दा शंभर टक्के मान्य. मूळ लेखात तो यायला हवा होता.

नाइलाजाचा मुद्दा अर्धा मान्य. नाइलाज सगळ्यांचाच सारखा होता ना? तोच परवाना, तेच चलन, तीच रांग. त्याच नाइलाजात देशातल्या मोटार कंपन्या एकच मॉडेल तीस-तीस वर्षं काढत बसल्या. रांग लागली आहे तर बदलायचं कशाला, हाही त्या परिस्थितीतून निघणारा अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष होता. रांगेतला पैसा टूल रूममध्ये घालायचा, हा दुसरा. निवड इथे होती.

---

डेक्कनची_राणी

धाग्याला थोडं वळण देते, क्षमस्व. आमच्या लहानपणी टेल्को म्हणजे बस. कोथरूडपासून येरवड्यापर्यंत बसेस सुटायच्या आणि आमची आजी त्यावर कुकर लावायची. 'टेल्कोची बस गेली, म्हणजे उशीर झाला.' घड्याळ पुढे-मागे असेल, बस नाही. आणि लग्नाच्या बाजारात 'मुलगा टेल्कोत आहे' एवढं वाक्य पुरायचं, पुढे पगार विचारणं उद्धटपणा.

आणि 'गृहिणी'ला विसरू नका. लीला मुळगावकर, म्हणजे त्यांच्या पत्नी, यांनी कामगारांच्या घरातल्या बायकांसाठी सुरू केलेली संस्था. मसाले, लोणची तर होतीच, पण गाड्यांना लागणारे वायरिंग हार्नेससुद्धा या बायका बनवायच्या. आमच्या शेजारच्या काकू दुपारी स्वयंपाक आवरून तिकडे जायच्या आणि घरातला फ्यूज उडाला की काकांना बाजूला सारून स्वतः बसायच्या. लीलाबाईंचं रक्तपेढीचं कामही मोठं, मुंबईत. त्यांच्यावर वेगळा धागा हवा.

---

रेव्हगिअर

एवढा पुरुषांचा कारखाना, म्हणून आठवलं. 1974 मधली सुधा मूर्तींची गोष्ट. बंगळुरूला नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात, त्यात 'महिलांनी अर्ज करू नयेत'. त्यांनी थेट जे.आर.डीं.ना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखत पुण्यात झाली, आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवरच्या त्या पहिल्या महिला इंजिनिअर ठरल्या. म्हणजे ज्या अकरा वर्षांचं आपण कौतुक करतोय, त्यातल्या आठव्या वर्षापर्यंत 'माणसं घडवणं' याचा अर्थ पुरुष घडवणं असाच होता. हेही नोंदवून ठेवू.

---

चिंचवडी_चिकित्सक

रेव्हगिअरला +1.

मी परत येतोय नाइलाजाकडे. समजा निवड होती. मग त्या निवडीची परीक्षा कधी झाली? रांगेच्या बाजारात ती होऊच शकत नव्हती.

---

घाटवळण

झाली. 1986 ला.

ऐंशीच्या दशकात सरकारने हलक्या ट्रकसाठी जपान्यांना दार उघडलं. एकदम चार जोड्या आल्या: डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी. दिसायला देखण्या, चालवायला हलक्या, आणि नावं अशी की ट्रान्सपोर्टवाला मोहात पडावा. टेल्कोकडे तोवर जे होतं ते सगळं जड. लोकांनी मानलं होतं, की आता टेल्कोचं काही खरं नाही.

त्यावर उत्तर आलं टेल्कोची हलकी गाडी 407. इथे आखलेली, इथल्या डायमधून निघालेली. मुळगावकर तेव्हा ऐंशीचे, खुर्चीत होते. पुढे त्या चारांपैकी डीसीएम-टोयोटा देवूकडे गेली, ऑल्विन-निसान महिंद्रकडे. 407 अजून रस्त्यावर आहे. आज सकाळी तळजाईच्या चढावर माझ्यापुढे एक होती, विटा घेऊन. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता.

---

येन_केन

जपानी नावं वाचून न राहवून लिहितोय. 407 चं श्रेय टूल रूमला देताना येनला विसरू नका. 1985 च्या प्लाझा करारानंतर (डॉलर उतरवायला बड्या देशांनी केलेला करार) येन जो चढला तो चढतच गेला. या चारही कंपन्यांचे बरेच सुटे भाग जपानहून यायचे, त्यांचा खर्च रुपयात बघता बघता वाढला. टेल्कोचा माल इथलाच, त्यामुळे त्यांना झळ नाही. नशीबही बलवत्तर लागतं.

---

लेथमास्तर

येन_केन, बरोबर आहे तुमचं. पण माल इथलाच का होता? कारण डाय इथले होते. येन चढला तेव्हा आम्ही घाईघाईने टूल रूम काढली नाही. ती वीस वर्षांपूर्वीच काढलेली होती.

---

येन_केन

काका, निरुत्तर. 🙏

---

कासारवाडी_फाटक

सगळं गोड चाललंय तर एक कडू गोळी मी देतो. ज्या कामगारांना इतकं शिकवलं त्यांचा पुढे कंपनीशी झालेला संघर्ष या धाग्यात नको का? 1988 च्या अखेरीस रतन टाटा अध्यक्ष झाले. लगेच कामगार नेते राजन नायर आणि व्यवस्थापन यांचं पेटलं. सप्टेंबर 1989 मध्ये शनिवारवाड्यावर कामगारांचं उपोषण, आणि मग एका रात्री पोलिसांनी येऊन सगळ्यांना उचललं. मुळगावकर त्याआधी जुलैच्या 1 तारखेला गेले होते.

मी कोणाची बाजू घेत नाही. पण पुण्यात हा संप ज्यांनी पाहिला त्यांच्या मनात टेल्को म्हटलं की कारखान्याच्या आवारातली झाडी-तळं येत नाही, शनिवारवाडा येतो.

---

डेक्कनची_राणी

आमच्या वाड्यात त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. एक घर इकडचं, एक तिकडचं. गणपतीची आरतीसुद्धा वेगवेगळ्या वेळी. पुढे कधी सुरू झालं आठवत नाही, पण झालं.

---

घाटवळण

फाटक, चांगलं केलंत. माझ्या डोक्यात यातला एक विचार अर्धवट आहे, पटला नाही तर सोडून द्या. हाताला कसब दिलंत की माणसाला आपली किंमत कळते. कानस धरायला शिकलेला माणूस पुढे पगाराच्या वाटाघाटीतही काटकोन्या लावून बघतो, फटीतून उजेड दिसतोय का. संप फक्त यामुळे झाला असं नाही, त्याला बाकी पुष्कळ कारणं होती. पण ट्रेनिंग सेंटरमधून फक्त डाय बाहेर पडत नाहीत.

---

न्यू_जॉइनी

मी इथे बहुतेक सगळ्यात लहान. चाकणला एका कंपनीत (नाव नको) तीन वर्षं झाली. आमच्याकडे ट्रेनिंग म्हणजे अर्ध्या दिवसाचं पीपीटी आणि शेवटी क्विझ. क्विझची उत्तरं आधीच्या बॅचने ग्रुपवर टाकलेली असतात. तीन वर्षांत तीन बॉस. प्रत्येक जण आल्या आल्या आधीच्याचा लेआऊट बदलतो. त्यामुळे काकांचा ठोकळा वाचून हेवा वाटला आणि थोडी धडकीही भरली, मला दोन आठवड्यांत कंटाळा आला असता.

प्रश्न असा: आजच्या काळात अशी एकाच कंपनीतली कारकीर्द उरली आहे का?

---

रेव्हगिअर

उरली आहे, आणि उदाहरण पुण्यातलंच. गिरीश वाघ. पुण्याच्या एमआयटीतून इंजिनिअरिंग, 1992 ला टेल्कोत. 2005 ला आलेल्या एस ट्रकच्या टीमचे प्रमुख. एस म्हणजे आपला छोटा हत्ती, दोन सिलिंडरचं सातशे सीसीचं डिझेल इंजिन. नंतर नॅनो. आज व्यापारी वाहनांचा कारभार बघतात. कंपनी तीच, पाटी तेवढी टेल्कोची टाटा मोटर्स झाली.

छोटा हत्तीचं मूळही टेबलावर बसून सुचलेलं नव्हतं. तीनचाकी टेम्पोवाल्यांना जाऊन विचारलं, तुम्हाला काय हवं. म्हणजे ढाबा इथेही आलाच.

---

पिंपळपान

आकुर्डीला का विसरता? राहुल बजाज इतकी वर्षं कारखान्याच्या आवारातच राहायचे. मालक आणि भोंगा एकाच कंपाउंडात. मुलगा राजीव सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. आणि त्याने 2009 मध्ये स्कूटर बंद केली तेव्हा वडिलांनी उघडपणे नाराजी बोलून दाखवली होती. ज्या कंपनीच्या चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावला, त्याच कंपनीने स्कूटर सोडली. आता चेतक परत आली, विजेवर. चिकित्सकांच्या 'रांगे'वरून आठवलं.

---

चिंचवडी_चिकित्सक

बजाजवर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

मी मूळ मुद्द्यावर थोडा सरकलोय, हे कबूल करतो. 1966 चा निर्णय नाइलाजाचा असेल, पण इंडिका कारच्या वेळी नाइलाज नव्हता. तेव्हा ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, आपल्या इंजिनिअर्सनी तिकडे जाऊन तो सुटा केला, जहाजावर घातला आणि पुण्यात आणून पुन्हा जोडला. 1998 च्या डिसेंबरअखेर गाडी बाजारात. हे रतन टाटांचं श्रेय, मुळगावकर तेव्हा नव्हते. पण दुसऱ्याचा कारखाना नटबोल्टासकट उचलून आणून चालू करायला जी माणसं लागली, ती एका वर्षात भरती करून मिळत नाहीत. एवढं मी द्यायला तयार आहे.

---

घाटवळण

हा धागा छापून फ्रेम करतो. चिकित्सकांनी काहीतरी द्यायला तयार होणं ही घटनाच आहे.

---

लेथमास्तर

न्यू_जॉइनी, कंटाळा आम्हालाही यायचा बरं का. आम्ही दोघे-तिघे जेवणाच्या सुट्टीत तळ्याकाठी जाऊन बसायचो. कारखान्याच्या आवारात तळं आणि रांगेने लावलेली झाडं, तेव्हा नुकती कमरेएवढी. आम्हाला हसू यायचं. ट्रक अजून निघत नाही आणि साहेब झाडं लावतायत. आज तिथे पाणपक्षी येतात म्हणे. नातू तिथेच जीईटी (शिकाऊ इंजिनिअर) म्हणून लागलाय, मोबाइलवर फोटो काढून पाठवतो. झाडं ओळखू येत नाहीत आता.

माझा ठोकळा आहे अजून. बायको लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवते.

---

डेक्कनची_राणी

सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेचं सभागृह आहे ना, सुमंत मुळगावकर सभागृह, तिथे मी निदान दहा कार्यक्रमांना गेले असेन. पाटीवरचं नाव कधी नीट वाचलं नव्हतं. पार्किंग शोधण्यातच जीव जातो.

---

कासारवाडी_फाटक

पण ढाब्याचं काय ठरलं? खरं की खोटं?

---

लेथमास्तर

मी नाही पाहिलं. माझ्या मामाचा एक मित्र होता, तो म्हणायचा...

---

घाटवळण

काकाऽऽऽ! तुम्हीसुद्धा?

---

चिंचवडी_चिकित्सक

मामाच्या मित्राने ढाब्याचं नाव सांगितलं असेल तर तेवढं टाका. रविवारी मी मोकळा आहे.